भुतांच्या फेरीतला तेविसावा माणूस

ती केस आठवली की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, बायको म्हणते आता पोलीसगिरी पुरे. पण त्या एका आठवड्याची गोष्ट निघाली की मी उठून उभा राहतो आणि हातवारे करत सांगायला लागतो. खून नव्हता, दरोडा नव्हता. गेली होती ती चांदीच्या पादुकांची एक जोडी. पण तिच्यापायी एका म्हाताऱ्या शिंप्याचा जीव जायची वेळ आली होती. मी कोणाचंही नाव लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून म्हैसूरमध्येच राहतात आणि रस्त्यात भेटली की मला चहा पाजतात.

आमचं घराणं म्हैसूर संस्थानच्या घोडदळातलं. घोडे गेले, संस्थान गेलं, राज्यांच्या सीमा बदलल्या, घरात मराठी तेवढी राहिली. तीही अर्धी कानडीत बुडालेली. त्या काळी मी इन्स्पेक्टर होतो आणि माझं ठाणं देवराज मोहल्ल्याला लागून होतं. एका बाजूला सराफ, एका बाजूला ठोक व्यापारी, आणि मधल्या गल्ल्यांत कित्येक पिढ्यांपासून येऊन राहिलेले मराठी शिंपी. त्यांचं गल्लीच्या टोकाला एक छोटं विठ्ठल मंदिर होतं.

या देवळाची एक पद्धत आधी सांगतो, कारण सगळी केस तिच्यावर फिरते. देवळाला पुजारी नाही. दर महिन्याला एका घराची पाळी. ज्याची पाळी त्याच्याकडे चावी. पहाटे काकड आरती त्याने करायची, रात्री शेजारती त्याने करायची, देवाला निजवून पडदा ओढायचा, पडद्याबाहेर पाटावर चांदीच्या पादुका ठेवायच्या आणि गाभाऱ्याला कुलूप लावून चावी कमरेला बांधायची. कुलूप लावताना आत डोकावायचंसुद्धा नाही. देव झोपला म्हणजे झोपला! बाकीचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. रोजच्या वापरात चांदी तेवढी पादुकांचीच.

त्या महिन्यात पाळी होती आमच्या टेलरमामांची. सत्तरीचे, सडपातळ, गळ्यात कायम टेप. मी सब-इन्स्पेक्टर झालो तेव्हापासून माझा गणवेश त्यांनीच शिवला. माझं पोट वाढत गेलं तसतसं ते दर वर्षी न बोलता कंबर सोडत गेले. एवढा सभ्य माणूस मी पाहिला नाही. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी. आणि या मुलीवरून त्यांचं डोकं उठलेलं!

कारण मुलगी भुतं दाखवायची. चांगली इतिहास शिकलेली, ऑफिसातली नोकरी सोडली आणि दर बुधवारी व शनिवारी रात्री नऊ वाजता हातात कंदील घेऊन वीस-बावीस पर्यटकांना जुन्या म्हैसूरच्या गल्ल्यांतून फिरवायला लागली. बुजवलेली विहीर, बंद पडलेला छापखाना, पडकी पागा. प्रत्येक ठिकाणी एक भूत आणि त्याची गोष्ट. तिच्या यादीत एक मराठा स्वारही होता, जो मध्यरात्री घोड्याला नाल ठोकून घ्यायला येतो म्हणे. आमच्याच घराण्यातला असणार बेटा! आमचा पूर्वज अजून ड्यूटीवर आहे हे मला पन्नाशीत कळलं.

मामांना हे अजिबात मान्य नव्हतं. देवळाच्या कमिटीसमोर त्यांनी सांगून टाकलं होतं, "त्या भुतांच्या जत्रेला मी पाय लावणार नाही." बापलेक एका घरात राहायचे, एका ताटलीतली चटणी वाढून घ्यायचे, पण या विषयावर बोलणं बंद.

असं असताना एका रविवारी पहाटे देवळातून फोन आला. काकड आरतीला मामांनी कुलूप काढलं, तर पाट रिकामा!

मी तेव्हा गरम डोक्याचा होतो. जीप काढली, दिवा लावला, श्वानपथक मागवलं, ठसेवाले मागवले. दहा मिनिटांत ती चिंचोळी गल्ली खाकीने भरून गेली. कुत्रं गाभाऱ्यातून निघालं, दाराशी आलेल्या फुलवालीच्या टोपलीभोवती फिरलं, मग तुळशीकट्ट्याशी जाऊन शिंकलं आणि बसलं. फुलांच्या वासाने बावचळलंय, असं हॅंडलर म्हणाला. जमलेल्या लोकांसमोर मी छाती काढून गरजलो, "ज्याने देवाच्या वस्तूला हात लावलाय त्याने ऐकून ठेवावं. सापडला की सालटी सोलून काढीन!" लोकांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं. आणि जाताना देवळाच्या दारात मी चोवीस तासांचा शिपाई बसवला. हे दोन्ही उद्योग वाचकांनी ध्यानात ठेवावेत, मी तर ते जन्मभर विसरणार नाही.

मग महजर लिहिला. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला आमच्याकडे महजर म्हणतात. कुलूप शाबूत, कडी शाबूत, चावी एकच. कमिटीचे सेक्रेटरी माझ्या कानाशी लागले.

"साहेब, यात तपास तो काय करायचा? चावी कोणाकडे होती ते बघा, झालं. आणि पोरगी रात्री नको नको ती माणसं घेऊन देवाच्या दारात येते. दोघांपैकी एकाचं काम आहे."

मी मामांचा जबाब घेतला. देवळातच, जमिनीवर बसून.

"मामा, शेजारती किती वाजता झाली?"

"नवाला."

"कुलूप?"

"लावलं."

"मधे कुठे गेला होतात? कोणी आलं होतं?"

मामा माझ्या कॉलरकडे बघत राहिले. शिंप्याची नजर, म्हणून मी सोडून दिलं. "नाही," ते म्हणाले. मग उठून देवासमोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पादुका पाटावर येईस्तोवर मी अन्न घेणार नाही. अष्टे." एवढंच, असं कानडीत म्हणून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

मामांना साखरेचा आजार होता, आणि दिवसाला कपभर दूध तेवढं ते घेत होते. त्यांच्या डॉक्टरने मला मुद्दाम फोन करून बजावलं, "इन्स्पेक्टर, हा माणूस कपभर दुधावर आठवडा काढणार नाही." म्हणजे आता माझ्यापुढे फाईल नव्हती, घड्याळ होतं!

सोमवार गेला, मंगळवार गेला. सराफांकडे चौकशी, जुने चांदीचोर उचलून त्यांची हजेरी, बन्नूरच्या बसस्टँडपर्यंत माणसं पाठवली. हाती शून्य. फुलवालीसह देवळात येणाऱ्या सगळ्यांचे जबाब घेतले. फुलवाली, जिला सगळे हूवम्मा म्हणत, ती रोज रात्री दुसऱ्या दिवसाची तुळशीमाळ आणून द्यायची. तिने सांगितलं, साडेनऊला आले, दाराला कुलूप होतं, माळ कडीला अडकवून गेले. लिहिलं, अंगठा घेतला, पुढचा जबाब.

बुधवारी रात्री उशिरा जेवायला घरी गेलो तर बायको दारातच उभी. पुण्याहून आलेल्या बहिणीला घेऊन ती भुतं बघून आली होती आणि दोघींचे चेहरे असे फुललेले की विचारू नका.

"अहो, तुमच्या हद्दीत माणसं आपोआप वाढतात, ठाऊक आहे का? त्या पोरीने सांगितलं. गेल्या शनिवारी बावीस माणसं घेऊन निघाली. देवळाच्या गल्लीत मोजली तर तेवीस! शेवटी परत मोजली तर बावीस! तेविसावा कोण होता म्हणे कोणालाच ठाऊक नाही. मी तर हिचा हातच सोडला नाही."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "गेल्या शनिवारी?"

"हो की."

"देवळाच्या गल्लीत?"

"अहो, जेवा तरी!"

कसलं जेवण! ज्या रात्री पादुका गेल्या त्या रात्री, त्याच गल्लीत, एक माणूस जास्त! आणि माझी साक्षीदार ती गोष्ट पोलिसांना सांगायची सोडून तिकीट लावून सांगत होती!

गुरुवारी सकाळी मुलीला ठाण्यात बोलावलं. रडून डोळे सुजलेले. एरवी मला काका म्हणणारी ती पोर सर म्हणायला लागली.

"तो तेविसावा खरा की मसाला?" मी सरळ विचारलं.

ती गोंधळली. "म्हणजे... सर, थोडा मसाला घालावाच लागतो."

"आज मसाला काढून सांगायचं. एक एक वाक्य. जे डोळ्यांनी बघितलंस तेवढंच."

पोलीस खात्यात मी गप्प बसणाऱ्यांना बोलतं केलं, खोटं बोलणाऱ्यांना खरं बोलायला लावलं. पण गोष्ट सांगणाऱ्या माणसाकडून नुसती घटना काढून घेणं याच्याइतकं अवघड काही नाही. ती म्हणायची, "थंड वाऱ्याची झुळूक आली आणि..." मी म्हणायचो, "झुळूक कापा." ती म्हणायची, "कंदील फडफडला..." मी म्हणायचो, "फडफडला का?" ती म्हणायची, "नाही सर, तो बॅटरीचा आहे." अर्ध्या तासाने जबाब लिहिणाऱ्या रायटरचं पान भरलं ते असं. ती प्रत्येकाच्या मनगटाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधते, मामांच्या दुकानातल्या कातरणातली. अंधारात माणूस हरवू नये म्हणून तीन ठिकाणी डोकी मोजते. त्या रात्री निघताना बावीस, देवळापाशी तेवीस, शेवटी बावीस. तिला वाटलं आपणच चुकलो. पण मोजणी मोठ्याने केली होती, लोक किंचाळले, टाळ्या वाजवल्या. मग तिने त्याची गोष्ट केली.

"अगं पण मला का नाही सांगितलंस?"

"काका, मला खरंच वाटलं नाही तो खरा असेल म्हणून!" आणि ती ढसाढसा रडायला लागली. "घरी बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. पाणी द्यायला गेलं तर म्हणतात, नको कणम्मा, राहू दे. घरी बसवत नाही म्हणून फेरी चालू ठेवली. त्यांना काही झालं तर मी काय करू?"

मी म्हणालो, "काही होणार नाही. मी आहे ना." पोलिसाने असं वचन कधी देऊ नये. पण दिलं.

बुकिंगच्या यादीत सगळ्यांचे फोन नंबर होते. शुक्रवारी दिवसभर आम्ही बावीस पर्यटकांना फोन करत होतो. बंगळूर, चेन्नई, कोची, एक जोडपं तर तोवर दिल्लीला पोहोचलेलं. "पोलीस बोलतोय" म्हटल्यावर अर्ध्यांनी फोन ठेवला. त्यांना वाटलं फसवणूक आहे. पण संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर फोटोंचा ढीग पडला. आणि तो सापडला! गर्दीच्या सगळ्यात मागे, अंगाभोवती आमच्याकडे घरोघरी असते तसली करडी शाल, डोक्याला कानटोपी, चेहरा अंधारात. मनगटाला पट्टी नाही. आणि पाय अनवाणी!

"अनवाणी का?" हेडकॉन्स्टेबलने विचारलं.

"आवाज होऊ नये म्हणून! पक्का गडी आहे," मी म्हणालो, अगदी खात्रीने.

मग मुलीने जाहिरातीसाठी टाकलेले आधीच्या फेऱ्यांचे फोटो काढले. आधीच्या तीन शनिवारी तीच शाल, तीच टोपी, तसाच मागे! त्या वेळी पायात चपला होत्या, एवढाच फरक. म्हणजे हा महिनाभर दर शनिवारी गर्दीत मिसळून गल्लीची पाहणी करत होता. उद्या शनिवार. पहिल्यांदा पचलं म्हणजे तो परत येणार. मी टेबलावर मूठ आपटली, "उद्या फेरीत बावीस माणसं असतील, त्यातली आठ आपली!"

शनिवारचा तो बंदोबस्त आठवला की अजून हसू येतं. साध्या वेशातले पोलीस लपत नाहीत हो. दोघी महिला कॉन्स्टेबल जत्रेला निघाल्यासारख्या नटून आल्या होत्या. एकाने टुरिस्ट दिसावं म्हणून गळ्यात कॅमेरा अडकवला, तो बायकोच्या भावाचा आणि बंद पडलेला. आणि माझा हेडकॉन्स्टेबल! सहा फूट उंच, मिशा अशा की गुंडांनी वाट सोडावी. हा गडी भुताला जाम भ्यायचा. संध्याकाळी मारुतीला जाऊन कपाळभर शेंदूर लावून आला.

"अहो, टुरिस्ट दिसायचंय आपल्याला," मी म्हणालो.

"सार, टुरिस्टनाही जीव असतो," तो म्हणाला.

नऊ वाजता निघालो. मुलीची गोष्ट सुरू झाली आणि तिने आम्हाला बघता बघता गुंडाळलं. खरं सांगतो, विहिरीपाशी तिने आवाज खाली आणला तेव्हा माझ्याच मानेवर काटा आला. पागेपाशी आमच्या स्वाराची गोष्ट सांगितली तेव्हा मी डोळे पुसले. हेडकॉन्स्टेबल माझ्या बाहीला धरून चालत होता, अधिकाऱ्याची बाही आहे हे विसरून.

देवळाच्या गल्लीत शिरलो. मुलगी पायरीसमोर उभी राहिली, कंदील वर धरला आणि मोजायला लागली. एकोणीस... वीस... एकवीस... बावीस...

तिचा आवाज थांबला. मग अगदी हळू म्हणाली, "तेवीस."

मी मान न वळवता डोळे फिरवले. मागे, भिंतीला लागून, करडी शाल! ठरलेल्या खुणेप्रमाणे मी रुमाल झटकला. हेडकॉन्स्टेबलला त्याच्या सर्वांत जवळ ठेवला होता. गड्याने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी मिठी मारली. मारली आणि किंचाळला, "सार! याला वजनच नाही, सार!"

खरंच नव्हतं. शालीतला माणूस त्याच्या हातात लुळा पडला. मी टॉर्च मारला, टोपी सरकली, आणि मागून मुलगी ओरडली, "बाबा!"

मामा होते ते.

सात दिवसांच्या उपासाने पार चिपाड झालेले. जीप तशीच दवाखान्याकडे पिटाळली. मुलगी त्यांचे तळपाय चोळत होती. माझ्या डोक्यात एकच विचार होता, अरे देवा, म्हणजे सेक्रेटरी म्हणत होता तेच खरं? ज्या माणसाने मला सुईदोऱ्याएवढंही कधी फसवलं नाही तो देवाच्या पादुका नेईल? मला ते पटेना आणि फोटो तर माझ्याच खिशात.

सलाईन लागलं. तासाभराने त्यांनी डोळे उघडले. मुलीला मी बाहेर बसवलं आणि खुर्ची ओढली.

"मामा, खरं सांगा. त्या रात्री तिथे काय करत होतात?"

"काय करणार साहेब. ऐकत होतो."

"काय ऐकत होता?"

"पोरगीला. फार छान सांगते हो. दर शनिवारी येत होतो. सुम्ने, गुपचूप मागे उभा राहून ऐकायचं, तिला कळायच्या आत घरी. एरवी कुलूप लावून जाईस्तोवर तिची मोजणी झालेली असायची. त्या शनिवारी शेजारती झाली, देवाला निजवला, पडदा ओढला. कुलूप हातात घेतलं तेवढ्यात बाहेर तिचा आवाज आला. कुलूप तसंच खाली ठेवलं आणि गेलो. चप्पलही घातली नाही. वीसेक मिनिटं झाली असतील. परत येऊन कडीला अडकवलेली माळ बाजूला केली आणि कुलूप घातलं. आत बघितलं नाही. देव झोपलेला."

"आणि हे मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? देवाचं दार उघडं टाकून भुताच्या गोष्टी ऐकायला गेलो, असं? कमिटीपुढे? तिच्यापुढे? चोर म्हटलं तरी चाललं असतं साहेब, हे चाललं नसतं."

मला त्यांचा राग आला. असा राग आला की उठून खोलीतून बाहेर गेलो, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. सात दिवस! बावीस लोकांना फोन, आठ पोलीस, मारुतीचा शेंदूर! आणि मग चालता चालता एकदम थांबलो.

कडीला अडकवलेली माळ!

हूवम्माने जबाबात काय सांगितलं होतं? साडेनऊला आले, कुलूप होतं, माळ अडकवली. पण साडेनऊला कुलूप जमिनीवर पडलेलं होतं. खिशातला फोटो काढून व्हरांड्यातल्या दिव्याखाली धरला. इतके दिवस मी शालीकडेच बघत होतो. मामांच्या डोक्यावरून मागे देवळाचं दार दिसत होतं. किलकिलं, आणि आत समईचा उजेड.

जीप घेऊन ठाण्यात आलो. देवळाच्या दारातल्या शिपायाची पॉइंट बुक मागवली. या वहीत शिपाई आलंगेलं लिहितो, आणि खरं सांगायचं तर ती कोणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. पानं उलटायला लागलो. रविवार दुपार: 'फुलवाली टोपली घेऊन आली, हटकले, परत गेली.' सोमवार पहाट: 'फुलवाली टोपली घेऊन आली, परत गेली.' मंगळवार, बुधवार, रोज! एकदा तर लिहिलं होतं: 'फुलवाली आली, पायरीवर बसून रडली, विचारले असता काही नाही म्हणाली, हुसकावून लावले.'

मी वही मिटली. तिकडे हेडकॉन्स्टेबल जीपची चावी घेऊन तयार. "उचलू या का सार तिला?"

"नाही," मी म्हणालो. "जीप नको. तुम्हीही नको."

पहाटे चारला घरी जाऊन साधा शर्ट घातला आणि चालत गेलो. गल्लीच्या मागे तिची एकच खोली. दार वाजवलं. ती जागीच होती, तुळस ओवत बसलेली. मला बघितलं आणि हातातली माळ खाली पडली.

"हूवम्मा," मी कानडीत म्हणालो, "मी न्यायला आलोय. तुला नाही. पादुकांना."

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. देव्हाऱ्यात, धुतलेल्या लाल कापडावर त्या पादुका ठेवलेल्या. ताजी तुळस, समोर दिवा, केळ्याच्या पानावर गूळ.

"उपाशी नाही ठेवलं सार," ती घाईघाईने सांगायला लागली. "रोज नैवेद्य दाखवला. त्या रात्री माळ द्यायला गेले, दार उघडं, मामा नाहीत. गल्लीत ही एवढी परकी माणसं. मला भीती वाटली, कोणी उचलून नेलं तर? पदरात गुंडाळून आणल्या. पहाटे आरतीला नेऊन द्यायच्या, एवढंच मनात होतं. टोपलीत फुलांखाली घालून निघाले आणि बघते तर पोलीस, कुत्रं. तुम्ही म्हणालात सालटी सोलून काढीन. माझे पायच चालेनात. मग रोज गेले सार. रोज दारात शिपाई. मामा जेवत नाहीत ऐकलं, माझ्याही घशाखाली घास जाईना. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? फुलवालीच्या घरात देवाची चांदी!"

म्हणजे त्या रविवारी पहाटे पादुका माझ्यापासून दोन हातांवर, त्या टोपलीत होत्या. ते बिचारं कुत्रं बरोबर होतं!

"चल," मी म्हणालो. "तूच ने. टोपलीतूनच ने."

देवळाच्या दारातल्या शिपायाला मी चहाला पिटाळलं. दवाखान्यातून रिक्षाने मामा आले होते. डॉक्टर नको म्हणत असताना, कारण पाळी त्यांची आणि चावी त्यांच्या कमरेला. मुलीने त्यांना धरलं होतं. काकड आरतीला तीस-चाळीस माणसं, पुढे सेक्रेटरी. हूवम्मा गर्दीतून वाट काढत गेली, टोपली उतरवली, फुलं बाजूला सारली आणि पादुका मामांच्या हातात दिल्या. कोणीतरी "चोर!" म्हणून ओरडलं. मी तोंड उघडणार तोच मामांचा आवाज आला, इतका खणखणीत की मलाच नवल वाटलं.

"चोर नाही! चूक माझी. दार उघडं टाकून मी पोरीची गोष्ट ऐकायला गेलो होतो. हिने देवाला सांभाळलं. काय म्हणायचं ते मला म्हणा."

मुलगी बापाकडे बघत राहिली, तोंडावर पदर घेऊन रडत आणि हसत.

"ऐकायला आला होतात बाबा? मग कशी वाटली?"

मामांनी पादुका पाटावर ठेवल्या, नीट सरळ केल्या. "विहिरीची फस्क्लास. त्या स्वाराच्या गोष्टीत घाई करतेस. लोकांना जरा थांबू दे तिथे." आणि मग म्हणाले, "भूक लागली गं."

देवळामागच्या घरातून कोणीतरी पळत जाऊन मऊ भात आणि ताक आणलं. मामांनी पहिला घास घेतला तेव्हा माझा सहा फुटी हेडकॉन्स्टेबल खांबाआड तोंड करून उभा होता.

कागदपत्रं मी रीतसर केली. जागेवरच दुसरा महजर केला, कोर्ट मागेल तेव्हा पादुका हजर करू असं कमिटीकडून लिहून घेतलं. चोरीच्या गुन्ह्याला अप्रामाणिक हेतू लागतो. इथे तो नव्हता, म्हणून हूवम्माला आरोपी न करता साक्षीदार केलं आणि गैरसमजातून फिर्याद, असा अहवाल कोर्टाला पाठवला. वरिष्ठांनी शेरा मारला, 'तपास समाधानकारक'.

माझं काही समाधान झालं नाही. त्यानंतर माझ्या ठाण्यात नियम केला, घरातली किंवा देवळातली वस्तू गेली तर पहिल्या दिवशी जीप गल्लीच्या तोंडाशी थांबवायची, आत एकाने चालत जायचं, आणि आवाज चढवायचा नाही. नव्या पोरांना वाटे साहेब म्हातारे झाले. त्यांना मी ही गोष्ट सांगायचो. माणसं खोटं बोलतात ती दर वेळी गुन्हा लपवायला नाही. कधी लाजेने, कधी भीतीने. मामांची लाज त्यांची होती. हूवम्माची भीती मात्र मी दिलेली होती, सगळ्या गल्लीसमोर, छाती काढून. मी त्या दारात शिपाई बसवला नसता, तर पादुका रविवारी दुपारीच पाटावर आल्या असत्या आणि तो म्हातारा सात दिवस जेवला असता.